आर्सेनिक : हरताळ, मनशीळ आणि सोमल

आर्सेनिक : धातू व अधातू यांच्या सीमेवरील एक मूलद्रव्य. अणुक्रमांक ३३, अणुभार ७४·९२, आवर्त सारणीच्या पाचव्या (नव्या मांडणीप्रमाणे १५ व्या) गटात फॉस्फरस व अँटिमनी यांच्या दरम्यान स्थान, निसर्गात आढळणारा स्थिर समस्थानिक एकच, ७५. नेहमीच्या स्वरूपात हे करड्या रंगाचे, चकाकणारे व ठिसूळ असते, घनता ५·७३. वातावरणाच्या साध्या दाबाखाली तापविल्यास ते वितळत नाही. सु. ६१५° से. तापमानास त्याचे संप्लवन होते, म्हणजे घनापासून एकदम वाफ होते. ही वाफ झटकन थंड केली, तर पिवळे, मेणासारखे मऊ आर्सेनिक मिळते. परंतु ते अस्थिर असून प्रकाशात लवकरच करड्या रूपात जाते. हवेत तापविल्यास आर्सेनिक निळसर ज्योतीने जळते, लसणासारखा वास येतो व पांढरा धूर निघतो. हा धूर थंड पृष्ठभागावर बसून जी जड, पांढरी पूड तयार होते, ती आर्सेनिकाचे त्रिऑक्साइड होय. मराठीत तिला सोमल म्हणतात.

शुद्ध मूलद्रव्याशी सामान्य माणसाचा संबंध पूर्वी आला नाही आणि आजही क्वचितच येतो. महाराष्ट्रातील लोकांस ते शतकानुशतके तीन निरनिराळ्या पदार्थांच्या रूपाने ठाऊक होते : पिवळा हरताळ, तांबडी मनशीळ आणि पांढरा सोमल. पहिला पोथी लिहिणाऱ्याच्या व चिताऱ्याच्या हाताशी असे, दुसरी वैद्य व दारूकाम करणारे वापरीत आणि तिसऱ्याचे नाव दबक्या आवाजात घेतले जाई. तिघांच्या पोटात एकच द्रव्य आहे हे समजण्यास मात्र अठरावे शतक उजाडावे लागले.

हरताळ हा संस्कृत ‘हरिताल’ या शब्दापासून व मनशीळ ‘मनःशिला’ या शब्दापासून आला. हरताळात आर्सेनिकाच्या दोन अणूंस गंधकाचे तीन अणू असतात. मनशिळीत दोन्ही सारख्या प्रमाणात असतात. दोन्ही खनिजे इतकी मऊ असतात की, नखाने ओरखडता येतात. हरताळाचे अभ्रकासारखे पातळ पापुद्रे निघतात आणि अशा सोनेरी झाक असलेल्या हरताळास बाजारात वर्खी हरताळ असे नाव आहे. मनशीळ उजेडात फार काळ राहिली तर तिचा लाल रंग जाऊन पिवळी पूड पडते. हा हरताळच असावा असे खनिजवैज्ञानिक दीर्घ काळ समजत असत. तो हरताळ नसून मनशिळीचेच रेणू वेगळ्या रचनेत मांडले गेलेले स्वतंत्र खनिज आहे, हे १९८० साली दाखविण्यात आले. यूरोपीय भाषांतील ‘आर्सेनिक’ हे नावही मुळात हरताळाचेच आहे. सोनेरी रंगावरून पडलेल्या इराणी ‘झर्निक’ या शब्दाचे ग्रीकांनी ‘आर्सेनिकॉन’ केले व तेथून ते लॅटिनमध्ये गेले. मराठीत प्रचलित असलेला, दुकाने बंद ठेवण्याच्या अर्थाचा ‘हरताळ’ हा शब्द वेगळा होय. तो हाटास म्हणजे बाजारास ताळे लावणे यापासून आलेला आहे. या पिवळ्या खनिजाशी त्याचा काही संबंध नाही.

भूकवचात आर्सेनिकाचे सरासरी प्रमाण दर टनास जेमतेम दोन ग्रॅम आहे. परंतु ते सर्वत्र सारखे पसरलेले नाही. खोल भूगर्भातून वर येणाऱ्या उष्ण, गंधकयुक्त पाण्याबरोबर ते वाहत येते आणि सोने, तांबे, शिसे, कोबाल्ट, निकेल यांच्या शिरांलगत साचते. त्याचे सर्वांत विपुल खनिज आर्सेनोपायराइट हे होय. चांदीसारख्या पांढऱ्या रंगाचे हे खनिज लोह, आर्सेनिक व गंधक यांचे बनलेले असून हातोड्याने ठोकल्यास लसणाचा वास देते. हरताळ व मनशीळ ही कमी तापमानास, उष्ण झऱ्यांच्या तोंडाशी किंवा शिरांच्या वरच्या भागात तयार होतात. आर्सेनिकासाठी म्हणून खाण सहसा खणत नाहीत. तांबे, शिसे किंवा सोने यांच्या धातुकांचे भर्जन करताना धुराड्यात जी राख साचते, तीतून सोमल वेगळा काढतात.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग या दृष्टीने रिता आहे. परभणी जिल्ह्यातील पाथरी हे त्याचे उदाहरण म्हणून घेता येईल. गोदावरीच्या उत्तरेस वसलेले, निजामशाही घराण्याच्या पूर्वजांचे गाव म्हणून फिरिश्त्याच्या इतिहासात नोंदले गेलेले हे ठिकाण सर्वस्वी बेसाल्टावर उभे आहे. सु. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा खडक तयार झाला. त्याचीच झीज होऊन पाथरी, मानवत, सेलू या भागांतील काळी कापसाची जमीन बनली. बेसाल्टात आर्सेनिकाचे प्रमाण दशलक्ष भागांत एकदोन भाग, म्हणजे अत्यल्प असते. त्याच्या पोकळ्यांत गारगोटी, कॅल्साइट आणि जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडली जाणारी झिओलाइटे मिळतात. हरताळ मिळत नाही. यामुळे पाथरीच्या वैद्याच्या खलात पडणारा किंवा तेथील लेखकाच्या दौतीशेजारी असणारा हरताळाचा प्रत्येक कण बाहेरून आलेला असला पाहिजे. चित्रळ, हिमालयातील कुमाऊँ, ब्रह्मदेश, चीनचा युनान प्रांत आणि इराण ही हरताळाची जुनी प्रसिद्ध उत्पत्तिस्थाने होत. त्यांपैकी कोणतेही दख्खनच्या जवळ नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी पिवळ्या रंगासाठी मुख्यतः डोंगरातच मिळणारी पिवळी माती वापरली, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. माती पायाखाली मिळत होती, हरताळ विकत घ्यावा लागत होता.

तरीही त्याची गरज भासली, आणि ती विशेषतः लेखनात. दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्यात तयार होणारा कागद खळ लावून व घोटून गुळगुळीत केलेला असे. त्यावर काजळ व डिंक यांच्या शाईने लिहिलेले अक्षर खरवडले तर घोटाई जाऊन कागद फुटे व पुन्हा लिहिताना शाई पसरे. यासाठी चुकलेल्या अक्षरावर डिंकात खललेल्या हरताळाचा लेप देत. लेप वाळला की त्याच जागी नीट अक्षर लिहीत. जुन्या कागदाच्या पिवळसर पार्श्वभूमीवर हा डाग फारसा खुपत नसे. देशात अन्यत्र संपूर्ण कागदच हरताळाने पिवळा करीत, त्याने कसर व वाळवी दूर राहते असा अनुभव होता. केलेल्या कामावर किंवा दिलेल्या शब्दावर ‘हरताळ फासणे’ हा मराठी वाक्प्रचार या पोथीलेखनातूनच आला आहे. ज्यांनी हरताळ कधी पाहिला नाही, अशांच्या तोंडीही तो सहज असतो. जुन्या हस्तलिखितांची निगा राखणाऱ्यांना मात्र त्याची आठवण ठेवावी लागते, कारण शेकडो वर्षांनंतरही तो पिवळा लेप विषारीच असतो.

चित्रकलेत हरताळ व नीळ यांच्या मिश्रणाने हिरवा रंग करीत. शिसे किंवा तांबे यांच्या रंगांशेजारी हरताळ लावल्यास त्यातील गंधकामुळे ते काळे पडतात, हे चिताऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. लाखकामातील पिवळा रंगही पुष्कळदा हरताळाचाच असे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाणींविषयीच्या प्रकरणात सुवर्णयुक्त रसांचे रंग ओळखण्यासाठी ज्या उपमा दिल्या आहेत, त्यांत हळद, गूळ यांबरोबर हरताळ व मनशीळ यांचाही समावेश आहे. याचा अर्थ हे पदार्थ त्या काळी रोजच्या परिचयाचे होते. सोन्याच्या शिरांलगत आर्सेनिकाची खनिजे खरोखरच असतात. पण अर्थशास्त्रातील उल्लेख रंगाच्या साम्यापुरता आहे, त्यातून याहून अधिक अर्थ काढणे योग्य ठरणार नाही.

रसशास्त्रात या तिन्ही द्रव्यांना मोठे स्थान आहे. रसरत्नसमुच्चयासारख्या ग्रंथांत हरताळाचे पत्रताल व पिंडताल असे भेद सांगितले आहेत आणि पापुद्र्यांचा तो श्रेष्ठ मानला आहे. सोमलास गौरीपाषाण किंवा मल्ल अशी नावे आहेत. औषधात घेण्यापूर्वी त्यांचे शोधन आवश्यक मानले जाते : हरताळ कोहळ्याच्या रसात किंवा चुन्याच्या निवळीत, मनशीळ आल्याच्या रसात, तर सोमल कारल्याच्या रसात शिजवितात किंवा भावना देऊन खलतात. हरताळापासून रसमाणिक्य व मल्लापासून मल्लसिंदूर करतात. समीरपन्नग या प्रसिद्ध कल्पात तर तिन्ही एकत्र येतात. दमा, जुनाट त्वचारोग, विषमज्वर यांवर ही औषधे दिली जात. अशा शोधनाने विद्राव्य सोमलाचा काही अंश धुऊन जाणे शक्य आहे, पण मूलद्रव्य नाहीसे होत नाही. यूरोपातही फार वेगळी स्थिती नव्हती. इंग्लंडमध्ये टॉमस फाउलर यांनी १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेला सोमलाचा अल्कधर्मी विद्राव हिवतापापासून त्वचारोगापर्यंत सर्वांवर शंभर वर्षांहून अधिक काळ दिला जात होता.

तिन्ही द्रव्यांतील समान घटक ओळखण्याचे काम हळूहळू झाले. तेराव्या शतकात आल्बेर्टुस माग्नुस यांनी हरताळ साबणाबरोबर तापवून धातुसदृश द्रव्य मिळविल्याचे मानतात. १७३३ मध्ये स्वीडनच्या गेऑर्क ब्रांट यांनी सोमल हे त्या द्रव्याचे भस्म असल्याचे दाखविले आणि १७८९ मध्ये लव्हॉयझर यांनी आपल्या मूलद्रव्यांच्या यादीत आर्सेनिकाला जागा दिली. तोवर सोमल यूरोपात वारसाहक्काच्या भांडणांतील नेहमीचे विष होऊन बसला होता. त्याची कारणे त्याच्या गुणधर्मांतच आहेत. तो दिसावयास पिठीसाखरेसारखा असतो. त्यास वास नसतो व चव जवळजवळ नसते. गरम पाण्यात तो बऱ्यापैकी विरघळतो. त्याच्या १०० ते २०० मिग्रॅ. इतक्या मात्रेने मृत्यू येऊ शकतो, आणि होणाऱ्या वांत्या व जुलाब हुबेहूब पटकीसारखे असतात. ज्या देशात पटकीच्या साथी वरचेवर येत, तेथे हे साम्य किती सोयीचे ठरत असेल याची कल्पना करता येते.

१८३६ मध्ये जेम्स मार्श या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञांनी या विषाचा पुरावा डोळ्यांना दिसेल अशी कसोटी शोधून काढली. संशयित पदार्थात जस्त व अम्ल घातले म्हणजे हायड्रोजन निर्माण होतो व आर्सेनिक असेल तर त्याच्याशी संयोग पावून आर्साइन हा विषारी वायू बनतो. हा वायू तापलेल्या काचनळीतून नेला, तर त्याचे विघटन होऊन नळीच्या थंड भागावर आर्सेनिकाचे काळे, आरशासारखे कडे बसते. मिलिग्रॅमाच्या अल्प अंशानेही ते उमटते. १८४० च्या सुमारास फ्रान्समधील न्यायालयांत ही कसोटी प्रत्यक्ष दाखविली जाऊ लागली. न्यायालयीन रसायनशास्त्र ही शाखा बऱ्याच अंशी या एका कड्यावर उभी राहिली असे म्हटले, तर ते वावगे होणार नाही.

हिंदुस्थानात सोमल चामडी टिकविण्यासाठी, उंदीर मारण्यासाठी व जनावरांच्या औषधात वापरला जाई आणि बाजारात सहज मिळे. मुंबई इलाख्यात विषांच्या विक्रीवर बंधन घालणारा कायदा १८६६ मध्ये झाला. १९०४ मध्ये सबंध देशासाठी जो विषविषयक कायदा करण्यात आला, त्याचा मुख्य रोख सोमलावरच होता. १९१९ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. मुंबई सरकारने संशयित पदार्थांच्या परीक्षणासाठी स्वतंत्र रासायनिक विश्लेषक नेमला होता. पुढे या पदावर असलेले आयझिडोर लायन यांनी हिंदुस्थानासाठी न्यायवैद्यकावर जो ग्रंथ लिहिला, तो अनेक पिढ्यांच्या डॉक्टरांनी व वकिलांनी वापरला.

या विश्लेषकापुढे आलेले सर्वांत गाजलेले प्रकरण बडोद्याचे होय. १८७० मध्ये खंडेराव गायकवाडांच्या मृत्यूनंतर त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. त्यांच्या कारभाराविषयी तक्रारी वाढल्याने १८७३ मध्ये सर रिचर्ड मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली व सुधारणेसाठी त्यांना १८७५ अखेरची मुदत देण्यात आली. दरम्यान रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर व मल्हारराव यांचे वितुष्ट विकोपास गेले. २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी फेअर यांना हलविण्याची विनंती करणारा खलिता व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांना पाठविला. ९ नोव्हेंबरच्या सकाळी फेअर फिरून आले व नेहमीप्रमाणे त्यांच्यासाठी ठेवलेल्या पपनसाच्या सरबताचे दोनतीन घोट घेतले. मळमळू लागल्याने उरलेले त्यांनी फेकून दिले. तेव्हा पेल्याच्या तळाशी त्यांना काळपट गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी त्यात सोमल असल्याचे सांगितले व गाळ मुंबईस रवाना केला. तेथील विश्लेषक डॉ. ग्रे यांना सोमलाबरोबर बारीक, चकाकणारी पूड आढळली. ती हिऱ्याची असावी असे मत त्यांनी पुढे दिले. हिऱ्याची पूड जालीम विष असते ही समजूत या देशात जुनी आहे. रासायनिक दृष्ट्या हिरा हा निव्वळ कार्बन असून पोटातील कोणत्याही रसाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. त्या पेल्यात अपायकारक काही असेल, तर तो सोमलच होता.

फेअर यांच्या जागी सर लुई पेली आले. रेसिडेन्सीतील नोकरांचे जबाब घेण्यात आले आणि जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली. त्यांच्या चौकशीसाठी सहा सदस्यांचा आयोग बसला. त्यात बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड व फिलिप मेल्व्हिल हे तीन इंग्रज आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज सवाई रामसिंह व सर दिनकरराव राजवाडे हे तीन हिंदी सदस्य होते. महाराजांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. सरकारपक्षाचा सारा भर रावजी हवालदार व नरसू जमादार या नोकरांच्या आणि महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांच्या साक्षींवर होता. सोमल घोड्याच्या औषधाच्या निमित्ताने मागविला गेला, असे दामोदरपंतांनी सांगितले. हे तिघेही आपापल्या मुक्ततेच्या आशेने बोलत आहेत व स्वतंत्र पुराव्याची जोड त्यांना नाही, हा बॅलंटाइन यांच्या उलटतपासणीचा गाभा होता. शिवाय महाराजांनी रेसिडेंटाच्या बदलीची रीतसर मागणी आठवड्यापूर्वीच केली होती. ती मागणी मान्य होण्याजोगी असताना विषाची गरज काय, हा प्रश्नही उरत होता.

निकाल दुभंगला. तिन्ही इंग्रज सदस्यांनी मल्हाररावांस दोषी मानले. तिन्ही हिंदी सदस्यांच्या मते त्यांच्याविरुद्धचा आरोप शाबीत झाला नाही. सर दिनकरराव हे ब्रिटिशांच्या पूर्ण विश्वासातील मुत्सद्दी होते; १८५७ च्या उठावात ग्वाल्हेर दरबार इंग्रजांच्या बाजूस ठेवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अशा गृहस्थाने सरकारच्या इच्छेविरुद्ध मत द्यावे, यास महत्त्व आहे. एप्रिल १८७५ मध्ये सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले, पण विषप्रयोगाच्या आरोपाखाली नव्हे; अंदाधुंदी व गैरकारभार ही कारणे जाहीरनाम्यात देण्यात आली. त्यांना मद्रासला नेऊन ठेवले व तेथेच १८८२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील एका मुलास खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई यांनी दत्तक घेतले. तेच पुढे सयाजीराव महाराज म्हणून प्रसिद्धीस आले.

या खटल्यात रसायनशास्त्राने आपले काम केले होते. पेल्यात सोमल होता याविषयी फारसा वाद उरला नाही. तो कोणाच्या सांगण्यावरून तेथे आला, हे काचनळीतील कडे सांगू शकत नाही. ते साक्षीदारांच्या विश्वासार्हतेवर ठरावयाचे होते, आणि तेथे दोन्ही बाजूंच्या न्यायकर्त्यांची दृष्टी त्यांच्या वर्णाप्रमाणे विभागली गेली. आरोप सिद्ध न होता राज्य गेले, ही भावना महाराष्ट्रात व गुजरातेत दीर्घ काळ टिकून राहिली.

विसाव्या शतकात आर्सेनिकाची वाटचाल अनेक दिशांनी झाली. पाउल एर्लिख व साहाचिरो हाता यांनी सिद्ध केलेले साल्व्हरसान हे आर्सेनिकयुक्त औषध १९१० पासून उपदंशावर वापरले जाऊ लागले व पेनिसिलीन येईपर्यंत त्याला तोड नव्हती. फळबागांत व कापसावर शिसे आणि कॅल्शियम यांची आर्सेनेटे फवारीत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारख्या कार्बनी कीटकनाशकांनी त्यांना मागे सारले. गॅलियम आर्सेनाइड हे अर्धसंवाहक इलेक्ट्रॉनिकीत महत्त्वाचे ठरले. सोमलालाही वैद्यकात पुन्हा स्थान मिळाले : १९७० नंतर चीनमध्ये झालेल्या उपचारांवरून रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर तो गुणकारी असल्याचे दिसून आले आणि २००० साली अमेरिकेत त्यास औषध म्हणून मान्यता मिळाली.

तथापि आज आर्सेनिकाने सर्वांत अधिक लोकांस होणारी इजा कोणाच्याही हातून होत नाही. ती पिण्याच्या पाण्यातून होते. १९८३ मध्ये कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी पश्चिम बंगालच्या खेड्यांतील रुग्णांच्या तळहातांवरील घट्टे व अंगावरील काळेपांढरे ठिपके हे दीर्घकालीन आर्सेनिक विषबाधेचे असल्याचे ओळखले. हे सर्व लोक कूपनलिकांचे पाणी पीत होते. उघड्या पाण्यातील रोगजंतूंपासून सुटका व्हावी म्हणूनच या नलिका खणल्या गेल्या होत्या. गंगेच्या तरुण गाळात लोहाच्या ऑक्साइडांना चिकटलेले आर्सेनिक असते. गाडल्या गेलेल्या वनस्पती कुजताना तेथील ऑक्सिजन संपतो, लोह विरघळते व त्याबरोबर आर्सेनिक पाण्यात उतरते. अशा पाण्याला रंग, वास, चव यांपैकी काहीही वेगळे नसते. शरीरात गेलेले त्रिसंयुजी आर्सेनिक एंझाइमांतील गंधकयुक्त गटांशी जखडले जाते. वर्षानुवर्षे अल्प मात्रा जात राहिली, तर त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांचे कर्करोग उद्भवतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅमवरून १० मायक्रोग्रॅमवर आणली.

मराठी मुलखाच्या सीमेवर याचा वेगळा प्रकार आढळला. गडचिरोली व गोंदिया जिल्ह्यांच्या पूर्वेस, आता छत्तीसगडमध्ये असलेला अंबागड चौकीचा प्रदेश विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चांदा जिल्ह्यातील जमीनदारी होता. तेथील कौडीकसा व आसपासच्या गावांत विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. काही ठिकाणी ते लिटरला ५०० मायक्रोग्रॅमहून अधिक होते. येथे नदीचा गाळ नाही. डोंगरगड पट्ट्यातील अतिप्राचीन रायोलाइट व ग्रॅनाइट खडकांतील भेगांलगत आर्सेनिकाची खनिजे आहेत; ती झिजून विद्राव होतात व भेगांतील पाण्यात मिसळतात. दक्षिणेस, मराठवाड्याप्रमाणेच पूर्वी हैदराबाद संस्थानात असलेल्या रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथे सोन्याच्या धातुकाबरोबर आर्सेनोपायराइट सापडते. त्याच प्रकारच्या धारवाडी खडकांच्या दुसऱ्या एका पट्ट्यात, यादगीर जिल्ह्यातील किरदळ्ळी येथे, भूजलात आर्सेनिक आढळून लोकांना बाधा झाल्याचे उघडकीस आले.

पाथरीपासून आग्नेयेस नांदेड जिल्ह्याच्या देगलूर व बिलोली भागात बेसाल्टाचे आवरण संपते आणि खालचे जुने ग्रॅनाइट उघडे पडते. पाथरीत मात्र हे आवरण शाबूत आहे. तेथील विहिरी झिजलेल्या व भेगाळलेल्या बेसाल्टातून पाणी घेतात, ज्यात विरघळण्यास आर्सेनिकच फारसे नाही. जिल्ह्याच्या सीमा व खडकांच्या सीमा एक नसल्यामुळे एखाद्या गावाचे पाणी कसे आहे, हे शेजारच्या जिल्ह्याच्या नावावरून ठरविता येत नाही. विहिरीगणिक पाणी तपासावे लागते.

ही तपासणी खेड्यात करण्यासाठी जी साधी पेटी वापरतात, तिच्यातील क्रिया मार्श यांच्याच कसोटीचा पुढचा अवतार आहे. बाटलीतील पाण्यात जस्त व अम्ल घालून आर्साइन निर्माण करतात आणि तोंडाशी मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेली कागदाची पट्टी धरतात. आर्सेनिक असेल तर पांढऱ्या पट्टीवर पिवळा डाग उमटतो, प्रमाण जास्त असेल तर तो तपकिरी होतो. रंगाची तुलना छापील पट्ट्याशी करून अंदाज घेता येतो. लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या आसपास हा अंदाज भरवशाचा राहत नाही, तेथे प्रयोगशाळेतील उपकरणांचाच आधार घ्यावा लागतो.